रांगेतली ओवळ

टॉवर सगळ्यांनाच हवा होता, फक्त दुसऱ्याच्या परसात.

हातखंब्याच्या तिठ्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. देऊळ, शाळा, पंचायत खाली रस्त्याला, आणि आमची वाडी वर सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, उतारावर. महामार्गावरच्या ट्रकचा भोंगा वाडीत ऐकू येतो, पण फोनला रेंज म्हणून येत नव्हती. कुणाशी बोलायचं तर सडा चढायचा, तिथल्या एका उंच दगडावर उभं राहायचं आणि वारा ज्या बाजूला असेल त्या बाजूला पाठ करायची. बाया त्या दगडाला ‘पोष्ट’ म्हणत. सणासुदीला पोष्टासमोर रांग लागायची आणि कुणाचं मुंबईवाल्याशी काय भांडण चाललंय ते मागच्या सगळ्यांना कळायचं. आम्ही हसून दिवस काढत होतो.

सहदेवची रसिका गेली तेव्हापासून त्या दगडावर कुणी हसलं नाही.

श्रावणात गवत कापताना तिला घोणस चावली. पोर बावीस वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस म्हणून नुकतीच लागलेली. सहदेव फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सड्यावर धावला. पाऊस असा की दगड दिसेना. रेंज यायची आणि जायची. अँब्युलन्सवाल्या बाईनं गावाचं नाव विचारलं, यानं ओरडून सांगितलं, आणि फोन कट झाला. पुन्हा लागला, पुन्हा तिनं गावाचं नाव विचारलं. शेवटी खालच्या आळीतून एकाचा टेम्पो आणला. हातखंबा ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागल्यावर पोरीनं आईच्या मांडीवर मान टाकली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. हे वाक्य सहदेवनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, त्याच्या बायकोनं, चंपानं सांगितलं.

आमच्या वाडीत राख नदीत सोडत नाहीत. धम्म घेतला तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की माणूस मातीत ठेवायचा आणि वर झाड लावायचं. त्यासाठी सड्याच्या कडेला सहदेवच्या आजोबांनी आपली जागा दिली. तिथं आता झाडांची लांबच लांब रांग आहे आणि प्रत्येक झाडाला माणसाचं नाव आहे. नाव म्हणजे पाटी नव्हे. आम्ही बोलतोच तसं. यंदा आबा भरपूर धरलेत, म्हणजे सहदेवच्या आजोबांच्या फणसाला फळ लागलं. आत्येला वाळवी लागली, म्हणजे आंब्याला. मे महिन्यात मुंबईकर आले की पिशव्या ठेवून आधी रांगेत जातात आणि परत येताना आपापल्या म्हाताऱ्यांचे आंबे, काजू घेऊन येतात. ती फळं विकायची नाहीत, वाडीत वाटायची, एवढा एकच नियम.

रसिकासाठी सहदेवनं रांगेच्या टोकाला खड्डा मारला. कातळात खड्डा मारणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. लोकांच्या हापूसच्या कलमांसाठी त्यानं इतके खड्डे मारले होते की पहारेच्या घावाच्या आवाजावरून तो सांगायचा, खाली पोकळ आहे की भरीव. पण हा खड्डा मारताना त्यानं कुणाला पहार हातात घेऊ दिली नाही. कमरेपर्यंत आत उतरून कातळ फोडला, मळ्यातली तांबडी माती घमेल्यानं डोक्यावर वाहून आणली आणि खड्डा काठोकाठ भरला. जलदान विधीच्या दिवशी चंपानं त्यात राख ठेवली आणि ओवळीचं रोप लावलं. शहरातले ओवळीला बकुळ म्हणतात. रसिका लहानपणापासून ओवळीची फुलं वेचून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवायची आणि तो वळेसर वेणीवर माळून शाळेत जायची.

ओवळ वाढायला हट्टी. कातळावर उन्हाळ्यात पाणी घातलं नाही तर तग धरत नाही. चंपा रोज दिवस कलताना डोक्यावर चुंबळ ठेवून कळशी भरून वर चढायची. गुडघा दुखायचा, मध्ये दोनदा टेकायची. कळशी ओतून झाली की तिथंच बसून पोरीला दिवसभराचं काय काय सांगायची आणि अंधार पडायच्या आत खाली यायची. दोन उन्हाळे तिनं असे काढले. झाड तिच्या छातीला लागलं होतं, फूल अजून आलं नव्हतं.

अशात पंचायतीत टॉवरचा विषय निघाला. कंपनीला जागा हवी होती. शाळेमागची जागा दाखवली तर मास्तर उठले. देवळाजवळची दाखवली तर मानकरी म्हणाले, शिखराच्या बाजूला लोखंडी सांगाडा कसा दिसेल. रस्त्याकडेला पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या माणसानं सांगितलं की लोक निसर्ग बघायला येतात, जनरेटर बघायला नाही. आमच्या मुंबईच्या मंडळानं मिटिंग घेऊन निरोप धाडला की टॉवरनं चिमण्या मरतात. ज्यांच्या चाळीच्या गच्चीवर तीन टॉवर, त्यांनी हे कळवलं. सरपंच गंगाराम कपाळाला हात लावून म्हणाला, लोकांना रेंज देणारा पण डोळ्यांना न दिसणारा टॉवर पाहिजे.

मग सर्वांचं समाधान म्हणून ग्रामसभेनं नियम केला. टॉवर शाळा, देऊळ आणि वस्तीपासून लांब हवा. रस्त्यावरून त्याचा पाया, जनरेटर, कुंपण काही दिसता कामा नये, म्हणून भोवती झाडांचा पडदा हवा. उभं झाड तोडायचं नाही आणि जिथं खिंडार असेल तिथं नवीन लावायचं. नियम चांगलाच होता. फक्त तो मोजपट्टी घेऊन गावभर फिरवला तेव्हा कळलं की त्यात बसणारी जागाच उरलेली नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून सहदेव उभा राहिला. ग्रामसभेत तो कधी बोललेला कुणाला आठवत नव्हता.

“माज्या सड्यावर घाला,” तो म्हणाला. “थय झाडां हायत.”

लोकांनी त्याला शेठ म्हणून चिडवलं, आता भाडं खाशील म्हणाले.  त्याला भाड्याचं सुचलंही नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या पोरीचा बाप त्या दगडावर पावसात ओरडत उभा राहू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते त्याला नीट सांगता येण्यासारखं नव्हतं.

घरी चंपा विळीवर बांगडे चिरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात थांबवला.

“थय यंत्रां येतील, माणसां फिरतील.”

“रांगेला हात लागाचा नाय. नियमच हाय तसा.”

“रांगेचा नाय विचारत मी. तिचा विचारतंय.”

“तिच्या पानाला कोणाला हात लावू देणार नाय.”

“मग घाला,” ती म्हणाली आणि पुन्हा मासे चिरू लागली.

माघात पाहणी झाली. पंचायतीकडून ग्रामसेविका दिशा आली. चिपळूणची पोरगी, चटचट काम करणारी. तिनं सहदेवला सांगितलं की जी झाडं राहणार त्यांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारायचा आणि त्यावर ती लाल रंगानं नंबर घालणार. म्हणजे कंत्राटदाराला वाद घालायला जागा नको. सहदेवला चुना काही नवा नव्हता. उधई लागू नये म्हणून लोकांच्या बागांत दर वर्षी तोच चुना मारायचा. डब्यात कळीचा चुना भिजवून, काथ्याचा कुंचा घेऊन तो पुढे आणि ही नंबर घालत मागे. दिशा विचारायची, हे कसलं झाड, आणि सहदेव सांगायचा, हे आबा. ती हसली आणि म्हणाली, काका, आबा नाही, फणस ना? फणसच, तो म्हणाला, पण आबा. मग ती तशीच लिहायला लागली, फणस आबा, आंबा आत्या, काजू तात्या.

ऊन चढलं तसं तिचं डोकं दुखू लागलं. रांगेचं टोक तेवढं राहिलं होतं. चुना तुम्ही मारून ठेवा, नंबर मी उद्या घालते, असं सांगून ती उतरून गेली.

सहदेव एकटाच ओवळीपाशी आला. कुंचा चुन्यात बुडवला, निथळला, आणि हात तसाच राहिला. खोड अंगठ्याएवढं. कोवळी साल, वर तांबूस पालवी. चुना मारला तर उद्या त्यावर लाल रंगात आकडा चढणार, आणि तो आकडा कंपनीच्या पडद्यात धरला जाणार. बाकीचे सगळे पिकून गेलेले होते, त्यांना आकडा घातला तरी ते रागावणार नव्हते. ही पोर होती. पोरीच्या अंगावर सरकारी आकडा लिहिलेला त्याला सोसवेना. त्यानं कुंचा डब्यात टाकला, ओवळीच्या बुडाशी पडलेला पाचोळा हातानं बाजूला केला आणि मनाशी म्हणाला, हिला कशाला खूण पाहिजे, हिला कोण ओळखत नाही?

वाडीत तिला सगळेच ओळखत होते, ही गोष्ट खरी.

घरी चंपानं विचारलं, झाला काय सगळा? झाला, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दिशानं येऊन चुना दिसेल त्या झाडावर नंबर घातला. ओवळ तिला झुडूप वाटली असणार. तिचा दोष म्हणता येणार नाही.

चैत्रात करारनामा नोंदवायला रत्नागिरीला बोलावलं. सातबाऱ्यावर चंपाचंही नाव, म्हणून दोघंही पहाटेच्या एसटीनं गेली. नोंदणीच्या ऑफिसात दुपारपर्यंत बसून राहिली. नंबर लागला तेव्हा मशीन चंपाचा अंगठाच घेईना. कारकुनानं तो ओल्या फडक्यानं पुसला, उलटा केला, सुलटा केला, मग म्हणाला, काकी, रेघाच नाहीत हो तुमच्या बोटाला, हात साबणानं धुऊन या. ती मुकाट्यानं जाऊन धुऊन आली. दोनदा धुतले. विळा आणि कळशी यांनी खाल्लेल्या रेघा साबणानं थोड्याच परत येणार? शेवटी करंगळी कशीबशी चालली. तेवढा वेळ रांगेतली माणसं तिच्या हाताकडे बघत होती आणि सहदेव जमिनीकडे.

बाहेर आल्यावर बाजारात एका बाईच्या टोपलीत ओवळीचे वळेसर होते. चंपानं एक घेतला. पानात गुंडाळून पदराच्या टोकात बांधला. आपल्या झाडाला अजून फूल नाही, तर त्याच्या फांदीला हा घालावा असा तिचा बेत. हातखंब्याला गाडी बदलताना तिनं तो दोनदा हुंगून बघितला. कितीतरी दिवसांनी ती थोडी हसली होती, असं सहदेव पुढे सांगायचा.

गावात उतरून ती घरी गेलीच नाहीत, थेट सड्यावर चढली. नोंदणीची वाट न बघता कंपनीनं सकाळीच काम सुरू केलं होतं; वर जेसीबी बंद करून ड्रायव्हर हातपाय धूत होता. जमीन साफ करून ठेवलेली होती. रांग जशीच्या तशी उभी होती, चुना, नंबर सगळं जाग्यावर. टोकाला ओवळ नव्हती. तिथं चौकोनी खड्डा होता, आणि खड्ड्यातली तांबडी माती उचलून नव्या रस्त्यावर पसरून, वर रोलर फिरवून झाला होता.

सुपरवायझर सुजय पुढे आला. परजिल्ह्यातला तरुण मुलगा, बोलायला मऊ. त्याला वाटलं, म्हातारा खूश होऊन बघायला आलाय. त्यानं सांगितलं, “काका, चुना लावलेलं एकही झाड हलवलेलं नाही. मोजून घ्या. अर्थिंगला, म्हणजे वीज जमिनीत उतरवायला, खोल खड्डा लागतो आणि इथं सगळा कातळ. नशीब, हा एकच खोल मातीचा खड्डा मिळाला.”

 सहदेवनं स्वतः मारलेला खड्डा, स्वतः वाहिलेली माती. चंपा त्याच्याकडे वळली.

“तुमी चुना लावला होतात ना?”

“नाय.”

“मना सांगितलात, झाला म्हणून.”

“हात झाला नाय गो. तिच्यावर नंबर घालाचा… हात झाला नाय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओरडली असती, छाती बडवली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रस्त्यावर गेली, जिथं तांबडी माती दाबून बसवली होती तिथं उकिडवी बसली आणि हाताच्या तळव्यानं ती माती चाचपत राहिली. रोलरखाली माती कातळासारखी घट्ट झालेली. नखांनी खरवडून जेवढी निघाली तेवढी तिनं पदरात घेतली, पण त्यात रसिका किती आणि मळा किती, हे कुणी सांगायचं?

वाडीतले पुरुष काठ्या घेऊन आले. काम बंद पाडायचं म्हणाले.  सुजयला कुणीतरी रसिकाचं सांगितलं तेव्हा तो सहदेवच्या पाया पडायला वाकला आणि सारखं म्हणत राहिला की मला माहीत नव्हतं. सहदेवनंच लोकांना मागे फिरवलं. काम थांबवून पोर परत येणार नाही, आणि टॉवर झाला नाही तर ती दोनदा फुकट गेली, असं तो म्हणाला. यावर काहीजण चिडले. हा कंपनीचा माणूस झाला, असं तोंडावर बोलून गेले. त्यानं तेही ऐकून घेतलं.

उपटलेली ओवळ सड्याच्या कडेवरून खाली घळीत टाकलेली सापडली. मुळं उघडी पडून सुकत चाललेली. सहदेवनं ती ओल्या गोणत्यात गुंडाळून आणली आणि घरामागे न्हाणीच्या पाण्यावर लावली. वर माडाच्या झावळ्यांची सावली केली. चंपा एकदाही तिकडे फिरकली नाही. एके दिवशी तो झाडाशी बसलेला असताना ती मागच्या दारात येऊन म्हणाली, “झाड ती नव्हती. थयली माती ती होती.” पंधरवड्यात ओवळीची पानं तांबडी होऊन गळाली. सहदेव तरी काही दिवस काटकीला पाणी घालत राहिला.

वळेसर चंपानं घरी आणून रसिकाच्या फोटोला घातला होता. ओवळीचं फूल सुकलं तरी त्याचा वास जात नाही. दिवसभर घरात तो वास असायचा आणि दोघांना एकमेकांशी बोलायला काही नसायचं.

टॉवर उभा राहिला. नियमाप्रमाणे खिंडारात सुरूची रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं. रस्त्यावरून बघाल तर आमच्या माणसांची झाडंच दिसतात, पाया दिसत नाही. पंचायतीनं फोटो काढून नेले. बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी रेंज आली. बाया दारात उभ्या राहून मुंबईला बोलल्या, कुणी रडल्या. मंडळवाल्यांनी पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावून विहाराची रंगरंगोटी बघितली, चिमण्यांचं कुणी काढलं नाही. सहदेवचा मुलगा धम्मदीप मुंबईत कुरिअरच्या गोडाऊनला आहे. त्याचा फोन स्वयंपाकघरात वाजला. चंपा त्याच्याशी बोलली, जेवलास काय, खोकला बरा काय. मग फोन चुलीशेजारी ठेवून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. त्या श्रावणात हा असा वाजला असता तर, हे तिनं म्हटलं नाही, पण घरात ते दोघांनीही ऐकलं.

देखरेखीचं काम कंपनीनं सहदेवलाच दिलं. कुंपणाची किल्ली त्याच्याकडे आली. सुजयनं त्याला एकेक दाखवलं. जनरेटर कसा बघायचा, कुणाला आत सोडायचं नाही. रांगेच्या टोकाशी आल्यावर तो अडखळला. तिथं सिमेंटची चौकट, वर लोखंडी झाकण. खाली पाहून तो म्हणाला, काका, ह्यात मातीबरोबर मीठ आणि कोळसा भरलाय. कातळ लवकर सुकतो. उन्हाळ्यात ह्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर वीज पडली तर सगळं जळेल. रोज घातलं तर उत्तम.

सहदेव घरी आला आणि ओटीवर बसून राहिला. संध्याकाळी त्यानं चंपाला सांगितलं. किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, रोज पाणी घालावं लागतं म्हणे.  ती उठली, खुंटीवरची चुंबळ काढली, कळशी उचलली. चैत्रापासून ती कळशी कोरडी पडून होती.

तेव्हापासून ती रोज चढते. मध्ये दोनदा टेकते. सहदेव पुढे जाऊन कुंपणाचं दार उघडतो, झाकण उचलून धरतो. ती पाणी हळूहळू ओतते, सगळं एकदम नाही, मातीत जिरू देत. मग चौकटीच्या कडेला बसून दिवसभराचं काय काय सांगते. सहदेव तेवढा वेळ आबांच्या फणसाखाली उभा राहतो. त्याला काय सांगायचं असतं ते त्याला अजून सांगता आलेलं नाही.

वैशाखाच्या शेवटी सुजय मीटर घेऊन तपासणीला आला. तारा लावल्या, आकडा बघितला, पुन्हा लावल्या. त्याला पटेना. एवढ्या कातळावर इतकं चांगलं अर्थिंग आमच्या कुठल्याच टॉवरला नाही, म्हणाला. चंपा तेवढ्यात कळशी घेऊन वर आली होती. त्यानं कौतुकानं विचारलं, “काकी, किती पाणी घालता हो?”

चंपानं कळशी उतरवली, पदरानं तोंड पुसलं.

“ती पीते तवढा,” ती म्हणाली.

सुजयनं मीटर पेटीत ठेवला आणि चपला काढून बाजूला उभा राहिला. सहदेवनं झाकण उचललं.